हौस संपली, की तार उंच?

मैत्रिणींनो, पोरगी इलेक्ट्रिक गिटारसाठी हटून बसली, की आपण कोल्हापूरकर आधी किंमत विचारणार! फेंडर महाग, त्याच कंपनीची स्क्वायर बरीच स्वस्त. दोघींच्या पूर्ण आकाराच्या स्ट्रॅटोकास्टरला तारा 6, मापही तेच, 25.5 इंच. जादा पैसे जातात पिकअप, खुंट्या आणि हातकामाला. स्वस्तातलीत फ्रेटची टोकं कधी कधी बोटांना बोचतात.

तरी मी म्हणेन, शिकणारीला स्वस्तच घ्या. फक्त तारांची उंची जाणकाराकडून बसवून घ्या. आपल्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात ना, तसंच हे नाजूक काम. तार उंच राहिली की बोटं दुखतात, पोरगी गिटार कोपऱ्यात ठेवते अन् घरचे म्हणतात, ‘बघ, संपली हौस!’ आणि हो, ॲम्प्लिफायरचे पैसे वेगळे धरा.