फिरत्या घराचा अँटेना

‘आलं का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘आलं, आलं... गेलं!’ हा संवाद ज्यांनी कधी गच्चीवरून, कधी खालच्या खोलीतून म्हटला आहे, त्या मैत्रिणींना आजचा विषय समजावून सांगायची गरजच नाही. बाकीच्यांसाठी थोडं मागे जाते.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि 1973 मध्ये सिंहगडावरून पुण्याला चित्रं दिसू लागली. आमच्या लोणंदला सिंहगड काही जवळ नव्हता. त्यामुळे ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या छपरावर विजेच्या खांबाशी स्पर्धा करणारा पाइप, त्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना आणि मध्ये एक बूस्टर. आमच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गावातले निम्मे अँटेने त्यांनी चढवले. पाइप धरायला ताई, वायर धरायला मी. मग केबल आली, डिश आली. 2022 सालापर्यंत दूरदर्शननेही मनोऱ्यांवरून होणारं ते जुनं प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी बंद करून टाकलं. छपरावर उरलेल्या काट्यांवर आता कावळे बसतात.

म्हणूनच 2023 च्या उन्हाळ्यात मी अमेरिकेत ताईकडे गेले आणि पासष्टी उलटलेली ताई एका मोठ्या गाडीच्या टपावर पाना घेऊन बसलेली पाहिली, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, ‘अगं, बाबांचं दुकान इथं उघडलंस की काय?’

ताई आणि भावजी कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात राहतात. विमानांच्या कारखान्यांचं हे शहर. भावजी अशाच एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि दोघांनी एका वृद्ध जोडप्याकडून जुनी ‘आरव्ही’ घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पुढे स्टेअरिंग, मागे पलंग, मधे ओटा, फ्रिज, न्हाणीघर. तिकडे निवृत्त मंडळी अशा गाड्या घेऊन महिनोन् महिने फिरतात. तळ्याकाठी सरकारी जागा असतात, तिथं भाडं भरून गाडी लावायची, विजेची आणि पाण्याची जोडणी घ्यायची की झाला संसार सुरू. ताईची गाडी 1997 सालची. इंजिन ठणठणीत, पडदे मात्र उडालेल्या रंगाचे आणि टीव्ही त्याच जमान्यातला.

हा टीव्ही कुठे असावा? ड्रायव्हरच्या डोक्यावर! पुढच्या काचेच्या वर एक कपाट आणि त्यात तो पिक्चर ट्यूबचा धूड. तेव्हाच्या गाड्यांत सर्रास अशीच सोय असे. ‘डोक्यावर वीस किलोचा वरवंटा टांगून कोण गाडी चालवेल?’ असं ताई म्हणाली आणि पहिल्या रविवारी तो खाली उतरवला. चार स्क्रू, दोन पट्ट्या आणि तिघांच्या कमरा!

त्याच्या मागे एक लहानसा डबा चिकटवलेला निघाला. त्याचीही गोष्ट आहे. 12 जून 2009 ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुनं प्रक्षेपण बंद करून डिजिटल सुरू केलं. जुने टीव्ही एका रात्रीत मुके होऊ नयेत म्हणून सरकारने घरटी चाळीस चाळीस डॉलरची दोन कुपनं दिली होती. त्यावर हा डबा स्वस्तात मिळायचा आणि डिजिटल लहरी जुन्या टीव्हीला समजतील अशा करून द्यायचा. आधीच्या आजी-आजोबांनी त्यावर चौदा वर्षं काढली होती.

नवा टीव्ही घेताना ताईने पडद्याच्या मापापेक्षा विजेकडे जास्त लक्ष दिलं. गाडीत दोन प्रकारची वीज असते. जागा भाड्याने घेतली की बाहेरून घरच्यासारखी 120 व्होल्टची मिळते. वाटेत मात्र फक्त गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर भागवायचं. घरचा टीव्ही लावला तर बॅटरीची वीज आधी इन्व्हर्टरने चढवायची, मग टीव्हीने ती पुन्हा उतरवायची. म्हणजे दूध आटवून त्यात पाणी घालण्यातला प्रकार. ताईने थेट 12 व्होल्टवर चालणारा चोवीस इंची टीव्ही घेतला. बॅटरी चार्ज होत असताना दाब चौदाच्याही वर जातो, तो सोसणाराच टीव्ही हवा, हे तिने दुकानदाराला दोनदा विचारून घेतलं. दुकानदार उत्तर भावजींकडे बघून देत होता, ही गंमत वेगळी. भावजी आपले शांतपणे समोरची पंख्याची किंमत वाचत होते.

कपाटाच्या तोंडावर तिने जाड प्लायवूड बसवलं, कारण गाडीच्या आतलं लाकूड पापडासारखं पातळ असतं आणि नुसत्या स्क्रूवर टीव्ही रस्त्याचे हादरे सोसत नाही. त्यावर खटका असलेला फिरता हात. चालत्या गाडीत खटका लावून ठेवायचा. टीव्हीमागची जी पोकळी उरली तिच्यात आता पोहे, मेतकूट आणि कुरडयांचे डबे राहतात. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोठा फायदा हाच.

पण चित्र काही येईना. म्हणजे चार चॅनेल यायचे, त्यातले तीन तुकड्यातुकड्यांनी. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘हे सगळंच जुनाट आहे, वरचा अँटेना काढून नवा घुमट बसवा,’ आणि वर आकडा असा सांगितला की भावजींनी चहासुद्धा अर्धा ठेवला. ताई म्हणाली, आधी वायर बघू. बाबांचंच वाक्य हे. टीव्ही बिघडला म्हणून कोणी बोलवायला आलं की ते पहिल्यांदा वायर बघत.

या गाड्यांच्या टपावर वटवाघळाच्या पंखांसारखा पसरट अँटेना असतो. विनेगार्ड नावाच्या कंपनीचा हा नमुना जुन्या गाड्यांवर सर्रास दिसतो. आतून छताला हँडल असतं. ते फिरवलं की अँटेना उभा राहतो, आणि कडी खाली ओढून वळवली की दिशा बदलते. त्याच्या डोक्यातच बूस्टर बसवलेला असतो. त्याला लागणारी वीज वेगळ्या तारेने जात नाही. चित्र ज्या केबलने खाली येतं त्याच केबलने 12 व्होल्ट वर जातात. भिंतीवर एक बटण आणि इवलासा दिवा असतो. बटण चालू नसेल तर बूस्टर झोपलेला, आणि तंबूगावची केबल जोडलेली असेल तर उलट बटण बंद हवं. एवढं साधं बटण, पण शेजारच्या दोन गाड्यांमध्ये लोक ते बंद ठेवूनच ‘अँटेना गेला’ म्हणत बसले होते.

आमचा दिवा तर छान लागत होता. तरी ताई मल्टीमीटर घेऊन वर गेली. दिवा इतकंच सांगतो की भिंतीपर्यंत वीज आली. वरपर्यंत पोचली की नाही ते त्याला काय ठाऊक? तिने अँटेन्याजवळचं टोक उघडून मोजलं, तर काटा हलेचना. अँटेना वर-खाली होताना केबल ज्या ठिकाणी दरवेळी वाकते तिथंच ती आतून तुटली होती. सव्वीस वर्षं वाकून वाकून. आपल्या इस्त्रीची वायर जशी मुठीजवळ जाते, अगदी तशीच.

मग तिने ती केबल बदलली, आणि वर गेलोच आहोत तर म्हणून गाडीतली पातळ जुनी केबलही काढून जाड, चांगल्या जातीची ओढली. जुन्या व्हीसीआरसाठी बसवलेला एक डबा आणि दोन जोडही उपटून टाकले. केबलचे दोन फाटे केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहूनही थोडं कमीच येतं, हे मला तिथं कळलं. वरच्या अँटेन्याला पुढच्या बाजूने एक छोटा जोडभाग मिळतो, तोही लावला. डिजिटल झाल्यापासून तिकडची बरीच केंद्रं वरच्या पट्ट्यात गेली आहेत आणि जुना अँटेना त्या पट्ट्यात जरा कमजोर पडतो. हा भाग ती उणीव भरून काढतो. टपाला जिथं जिथं भोक होतं तिथं आपोआप पसरणारं सीलंट भरलं, कारण अशा गाड्यांचा खरा शत्रू गळती. घुमटासारखे नवे अँटेने वर-खाली करावे लागत नाहीत हे खरं, पण उंचीला तोड नाही असं ताईचं मत, आणि सिंहगडाकडे तोंड केलेला तो लोणंदचा पाइप आठवला की मलाही ते पटतं. टीव्ही धरून सगळा खर्च तीनशे डॉलरच्या आत बसला. दरमहा भरायचं बिल शून्य.

आता ‘आलं का?’चा खेळ मात्र बदललाय. पूर्वी चित्र अंधूक व्हायचं, मुंग्या यायच्या, त्यावरून दिशा कळायची. डिजिटलमध्ये मधली अवस्थाच नाही. एक तर स्वच्छ, नाही तर चौकोन चौकोन होऊन काळोख. शिवाय चित्र यायला दोन-तीन सेकंद लागतात. म्हणून अँटेना जरासा वळवायचा, थांबायचं, पडद्यावरची ताकदीची पट्टी बघायची, मग पुढे. आणि मुक्काम बदलला की दरवेळी चॅनेल नव्याने शोधायला लावायचे. 2017 ते 2020 या काळात तिकडे केंद्रांची फेरमांडणी झाली आणि वरच्या लहरी मोबाइल कंपन्यांकडे गेल्या, त्यामुळे एकाच जागी राहणाऱ्यांनाही हे शोधकाम करावं लागलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? मोबाइलवर सगळं दिसतं की. मीही ताईला हेच विचारलं होतं. उत्तर मला मे महिन्याच्या शेवटी, विल्सन तळ्यावर मिळालं.

कॅन्ससमध्ये वसंतात चक्रीवादळं होतात. आपल्या समुद्रावरची नव्हेत, तर आभाळातून सोंड खाली सोडणारी. 4 मे 2007 च्या रात्री ग्रीन्सबर्ग नावाचं गाव अशाच वादळाने जवळजवळ पुसून टाकलं. आणि चाकांवरचं घर म्हणजे अशा वेळी थांबायला सगळ्यांत वाईट जागा. ते उलटायला फार वेळ लागत नाही. तळ्याच्या त्या टेकड्यांमध्ये आमच्या फोनला रेंज नव्हती. टीव्ही मात्र हेज गावाकडच्या मनोऱ्यावरून लख्ख दिसत होता.

टीव्हीशेजारी ताईने एक कागद चिकटवला होता: ‘रसेल’. मला वाटलं कोणाचं नाव असेल. ते होतं आम्ही उतरलो होतो त्या काउंटीचं नाव. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठं, जिल्ह्याहून लहान असं समजा. कॅन्ससमध्ये अशा 105 आहेत. वादळाचा इशारा देताना टीव्हीवरचा माणूस काउंटीची नावं घेतो. तिथल्या रहिवाशांना ती पाठ असतात, पण फिरस्त्यांना आज आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच ठाऊक नसतं. म्हणून मुक्कामाला पोचलं की ताई आधी कागद लिहिते, मग चहा टाकते.

संध्याकाळी ‘वॉच’ लागला होता, म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, सावध राहा. नऊच्या सुमाराला मालिका मध्येच तोडून नकाशा आला. नैर्ऋत्येकडच्या बार्टन काउंटीसाठी ‘वॉर्निंग’. म्हणजे आता वाट बघायची नाही. वादळाची वाट ईशान्येकडे, आणि बार्टनच्या ईशान्येला आम्ही. ताईने आमचं नाव येण्याची वाट पाहिली नाही. अँटेना खुणेवर वळवला, हँडल फिरवून खाली घेतला, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात तो उभा ठेवायचा नसतो. पासपोर्टची पिशवी, भावजींची रक्तदाबाची औषधं, टॉर्च. दहा मिनिटांत आम्ही पार्कातल्या पक्क्या बांधणीच्या न्हाणीघरात होतो. जाताना ताईने चार गाड्यांची दारं ठोठावली. एका गाडीत दोन लहान मुलं आणि त्यांची आई अशी तिघंच होती. त्यांचा टीव्ही इंटरनेटवरचा, आणि रेंज नाही म्हणजे टीव्ही नाही. त्या बाईला काही म्हणजे काहीच कळलेलं नव्हतं.

वादळ आमच्यापर्यंत आलं नाही. लिंबाएवढ्या गारा पडल्या, टपावरच्या हवा येण्याच्या खिडकीचं झाकण फुटलं, एवढंच. तासभर आम्ही अकरा जण त्या ओलसर खोलीत बसलो होतो. लहान मुलगी माझ्या मांडीवर झोपून गेली. तिची आई ताईला पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘तुम्हाला कसं कळलं?’

ताईचं अजून एक म्हणणं असतं. झोपल्यावर टीव्ही काही हाक मारत नाही, म्हणून उशाशी हवामानाचा छोटा रेडिओही हवाच. सरकारी हवामान खात्याचं प्रसारण त्यावर चोवीस तास चालू असतं आणि इशारा आला की तो स्वतःच कोकलतो. बॅटरीवर चालतो, फार महागही नाही.

अँटेना उभा ठेवून गाडी हाकली तर पहिल्याच फांदीला तो मोडतो. त्यासाठी ताईने घरगुती उपाय केलाय. अँटेना वर गेला की स्टेअरिंगला लाल गोंडा बांधायचा, खाली आला की सोडायचा. गोंडा लोणंदच्या बाजारातला, बैलाच्या शिंगाचा. मीच नेला होता.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. दोघं कुठल्याशा तळ्यावर उतरली होती आणि शेजारच्या गाडीतल्या आजीबाई तक्रार घेऊन आल्या होत्या, ‘दिवा लागतो, पण चित्र नाही.’ ताई मल्टीमीटर घेऊन निघालीच होती, त्यामुळे आमचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं.