गिटारची तार आणि गळ्यातली जागा

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं गिटारवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण आपल्या परभणीतही आता गिटार शिकणारी पोरं आहेत, आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. स्केल पाठ झाली, बोटं पळायला लागली, तरी सोलो कोरडा का वाजतो? मला हा बोटांचा प्रश्न वाटत नाही. भावना व्यक्त करणं म्हणजे नेमकं काय करणं, असा तो प्रश्न आहे, आणि तो आमच्या प्रांतातला आहे.

कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञाचं कलेवरचं पुस्तक १९३८ साली आलं. त्यात तो एक फरक करतो. भीतीनं माणूस पांढराफटक पडतो तेव्हा त्याची भीती दिसते, पण त्यानं ती व्यक्त केली असं होत नाही. व्यक्त करणं म्हणजे आपल्याला काय वाटतंय ते शोधत शोधत नेमकं करत जाणं. आता बघा, डोळे मिटून, तोंड वेडंवाकडं करून शंभर सूर ओतले तर वादकाची तगमग दिसते खरी. पण ऐकणाऱ्याला काय मिळालं?

आपल्याकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे, 'जागा'. गायकानं काय जागा घेतली, असं आपण म्हणतो. ती जागा बहुतेक वेळा दोन सुरांच्या मधे असते. पेटीवर ती वाजत नाही, कारण पेटीचा सूर जिथल्या तिथं असतो. गिटारलाही पडदे आहेत, पण तिची तार ओढता येते. ब्रिजभूषण काबरा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी ठेवून, तारेवर धातूचा दांडा सरकवत मींड काढली. १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी ऐका, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया सोबतीला आहेत. तिकडे अमेरिकेत बी. बी. किंग यांना आपला नातलग बुका व्हाइट याच्यासारखी सरकती गिटार काही साधली नाही, तेव्हा तो आवाज काढायला त्यांनी बोटच तारेवर थरथरवलं. त्यातून त्यांचा प्रसिद्ध व्हायब्रेटो आला. दोघांची वाट वेगळी, पण दोघांनाही गळा हवा होता.

मग करायचं काय? दुसरी तार घ्या, बी ची. दहाव्या फ्रेटवर ए वाजवा, नीट कानात साठवा. हा आपला षड्ज. आता आठव्या फ्रेटवर या, तो कोमल निषाद. अनामिकेनं तार दाबा, मागची दोन बोटं तिच्या आधाराला ठेवा, आणि मनगट फिरवून तार वर ढकला, मघाचा षड्ज येईपर्यंत. नुसत्या बोटाच्या जोरावर जाऊ नका. बहुतेक जण थोडे खाली थांबतात, आणि तिथंच सगळा कोरडेपणा आहे. भावना कमी पडलेली नसते, सूर कमी पडलेला असतो! षड्ज लागला की क्षणभर सरळ धरा, मग हलवा. सूर लागण्याआधीच थरथर सुरू केली की ती बेसूरपणा झाकायची युक्ती होते.

दुसरी गोष्ट रागसंगीताच्या कानाला नवी आहे. आपल्याकडे तानपुरा बदलत नाही, म्हणून षड्ज तो षड्जच. गिटारच्या सोलोखाली मात्र कॉर्ड बदलतात. तोच ए, खाली ए मायनर असताना घरी आल्यासारखा विसावतो. खाली एफ आला की तो त्या कॉर्डचा गंधार होतो, गोड लागतो. जी आला की त्या कॉर्डचा रिषभ होतो आणि अधांतरी लोंबकळतो. सूर तोच, अर्थ मात्र तीन. म्हणून स्केल पाठ असणं म्हणजे शब्दकोश पाठ असणं. वाक्य त्यानं होत नाही.

आणि श्वास. बासरीवाल्याला थांबावंच लागतं. बोटांना दम लागत नाही, म्हणून गिटारवाला थांबतच नाही. आपलं गंगाखेड जनाबाईंचं गाव. जात्यावर ओवी म्हणणारी बाई ओळ संपली की दम घेते, जातं फिरतच राहतं. ती मोकळी जागाही ओवीचाच भाग असते. तेव्हा वाजवताना सोबत गुणगुणा. गुणगुणताना दम संपला की वाजवणंही थांबवा.

मोबाइलवर ए मायनर, एफ, जी असं वाजवून रेकॉर्ड करा आणि त्यावर तीनच सूर वापरा: दुसऱ्या तारेचा आठवा व दहावा फ्रेट, पहिल्या तारेचा आठवा. वेग वाईट नाही बरं का, वेगातही सूर नेमका राहिला तर उत्तमच. साध्या गिटारवर जाड तारा असतील तर दोन फ्रेटइतकं ओढायला बोटं सोलतील. तिथं एकाच फ्रेटइतकं ओढा, किंवा दुकानदाराकडून पातळ तारांचा संच मागून घ्या.