फाल्गुनापर्यंत कोयता लांब ठेवा

सिडकोतल्या आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे हिमायतबागेच्या फळ संशोधन केंद्रातून आणलेलं केसर आंब्याचं कलम, दोन पपया आणि केळीचं बेट आहे. गेल्या जानेवारीत ओळीने तीन रात्री पारा 8 अंशांखाली उतरला. चौथ्या दिवशी सकाळी पपईची पानं वाफवलेल्या भाजीसारखी लोंबत होती आणि आंब्याची तांबूस पालवी चहाच्या चोथ्यासारखी काळवंडली होती.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात, तसं आपल्याकडे सहसा होत नाही. पण पपई-केळीला बर्फ पडायची गरजच नसते; 10 अंशांच्या आसपासच त्यांची वाढ थांबते. त्यातून आभाळ निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की पानं रात्रभर आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात आणि हवेपेक्षाही गार होतात. म्हणून पत्र्याखालची कुंडी वाचते आणि चार पावलांवरचं उघड्यावरचं झाड करपतं.

जळगावकडचे केळीवाले थंडीत बागेला रात्री विहिरीचं पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. ओली माती दिवसाची ऊबही जास्त धरून ठेवते. मी आता कडाक्याच्या दिवसांत संध्याकाळी आळ्यात बेताचं पाणी घालते आणि रात्री कलमावर काठ्यांच्या आधाराने गोणपाट टाकते. ऊन आलं की ते काढायचं, हे मात्र विसरू नये.

पण खरी कसोटी झाड करपल्यानंतर लागते. काही वर्षांपूर्वी चिकूचं कलम असंच वाळलं. मेलं असं समजून मी ते बुडापासून कापलं. चैत्रात तरारून फुटवे आले, पण पानांच्या टोकाला खाच! ती खिरणी होती. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात आणि मी नेमका जोडाच्या वरचा जिवंत चिकू तोडून टाकला होता. त्याची हळहळ आजही जात नाही.

यंदा हात आवरला. करपलेली पानंही काढली नाहीत. खालच्या डोळ्यांना तीच आडोसा देतात. आठवड्याने नखाने केसरच्या फांदीची साल खरवडून पाहिली. शेंडा तपकिरी निघाला, पण वीतभर खाली हिरवा ओलावा होता. उघड्या पडलेल्या खोडाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून चुना लावला. युरिया अजिबात दिला नाही, कारण थंडीत फुटलेली कोवळी पालवी पुन्हा करपते. पाणीही कमीच ठेवलं. पानंच नसतील तर मुळं किती पिणार?

केळीचा मुख्य बुंधा गेला, पण बुडाशी पिल्लं उभी होती. पपईचं एक झाड शेंड्यातून सडलं, ते काढावं लागलं. केसरला होळीच्या सुमारास जोडाच्या वर तीन डोळे फुगले. त्यानंतरच जिवंत लाकडापर्यंत छाटणी केली आणि कापावर बोर्डो पेस्ट लावली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी या प्रमाणात, घरापुरती थोडीशी.

तुमच्या अंगणातलं झाड थंडीने काळं पडलं असेल, तर आज फक्त नखाने साल खरवडून पाहा. हिरवं दिसलं तर कोयता ठेवून द्या आणि नवी फूट येईपर्यंत थांबा.