मागणीइतकाच भार

जास्त अँपिअरचा अल्टरनेटर बसवला की एंजिनाची शक्ती तो गिळून टाकतो, अशी एक समजूत गाडीवाल्यांत दृढ आहे. आणि तिच्यात सत्याचा अंश असल्यामुळेच ती खोडून काढणे कठीण जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथांच्या घरघरीत आणि ऑइल एंजिनांच्या सुट्या भागांच्या राशींत, एका वृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानी बसून ही समजूत एका डिझेल जीपच्या निमित्ताने तपासली जाताना मी पाहिली. जीपमालकाचा व्यवसाय गावोगाव ध्वनिक्षेपकावरून जाहिरात करीत हिंडण्याचा. ॲम्प्लिफायर आणि जादा दिवे यांना मूळचा ६५ अँपिअरचा अल्टरनेटर पुरेना, म्हणून त्याने १२० अँपिअरचा बसवून घेतला होता, आणि आता त्याची तक्रार अशी की, "मिस्त्री, नवा डायनमो बसवल्यापासनं गाडी घाटाला वडतच न्हाई."

मिस्त्रींनी लगेच उत्तर दिले नाही. टेबलावर दुसराच एक अल्टरनेटर उघडून ठेवलेला होता, डायोडांची प्लेट सोडवून बाजूला काढलेली. त्याची पुली त्यांनी मला हाताने फिरवायला सांगितली. ती बोटाच्या धक्क्यासरशी गरगर फिरली. मग त्यांनी कार्बन ब्रशांना बॅटरीच्या तारा लावून रोटरमध्ये चुंबकत्व निर्माण केले. तरीही पुली जवळजवळ पूर्ववत हलकीच राहिली, किंचित अडखळल्याचा भास तेवढा झाला. शेवटी स्टेटरच्या तिन्ही तारांची टोके त्यांनी एकत्र पिळली, आणि तीच पुली, जिच्यात एकही भाग बदललेला नव्हता, एकाएकी अशी जड झाली की मनगटावर ताण जाणवला. प्रवाहाला वाट मिळाली त्याच क्षणी विरोध उत्पन्न झाला होता. फॅरेडेने १८३१ साली विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला आणि लेंझने १८३४ साली त्या प्रवाहाच्या दिशेचा नियम सांगितला. उत्पन्न होणारा प्रवाह आपल्याला जन्म देणाऱ्या हालचालीलाच अडवतो, हा तो नियम शाळेत पाठ करणे वेगळे आणि मनगटाला प्रतीत होणे वेगळे.

अल्टरनेटरवर छापलेला आकडा म्हणजे पतसंस्थेने मंजूर केलेली कर्जाची कमाल मर्यादा होय. व्याज पडते ते प्रत्यक्ष उचललेल्या रकमेवर. उचल किती व्हावी याचा अंमल रेग्युलेटरकडे असतो. दाब सुमारे १४ व्होल्टांवर स्थिर राहावा म्हणून तो रोटरच्या फील्ड कॉइलीतला प्रवाह सतत कमीअधिक करीत असतो, आणि गाडीतले दिवे, पंखे, बॅटरी यांनी जेवढे मागितले तेवढेच उत्पन्न होऊ देतो. मागणी ४० अँपिअरची असेल तर ६५चा काय नि १२०चा काय, एंजिनाकडून घेतली जाणारी शक्ती जवळपास सारखीच. किंबहुना मोठ्या यंत्रातले तांबे जाड असल्याने त्यातला शक्तीचा अपव्यय काही वेळा थोडा कमीच होतो.

हिशेब मांडायचा तर तो असा. १४ व्होल्टांना ४० अँपिअर म्हणजे ५६० वॅट. परंतु डायोड, तांबे, लोखंड आणि थंड करणारा पंखा आपापला वाटा घेत असल्यामुळे अशा अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण ५५ ते ६० टक्क्यांच्या घरात राहते, म्हणून पट्ट्यावरून घ्यावी लागणारी शक्ती हजार वॅटच्या आसपास, म्हणजे सव्वा ते दीड अश्वशक्ती. पूर्ण १२० अँपिअर ओढले तर मात्र ती चार अश्वशक्तींच्या घरात जाते. पूर्ण रेसवर धावणाऱ्या जीपला ही वजाबाकी क्वचितच जाणवेल. खरी अडचण गाडी स्लोला उभी असताना येते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. तीच शक्ती ३,००० फेऱ्यांऐवजी ७५० फेऱ्यांवर मागितली, तर एंजिनाला चौपट टॉर्क द्यावा लागतो. आणि एवढ्या कमी फेऱ्यांवर एंजिनापाशी देण्यासारखे थोडेच असते. म्हणूनच ॲम्प्लिफायर चालू करताच उभी जीप थरथरते आणि मालकाची खात्री पटते की नव्या डायनमोने गाडीचा दम काढला. भार पेलण्याइतका पट्टा ताणलेला नसेल तर तो घसरतो, किंचाळतो, आणि तापून झिजतो; मोठ्या अल्टरनेटरला रुंद, अनेक खाचांचा पट्टा लागतो तो याच कारणाने.

आता मिस्त्रींनी क्लॅम्प मीटर जीपच्या चार्जिंगच्या तारेभोवती अडकवला. ॲम्प्लिफायर बंद, दिवे बंद. गाडी चालू झाल्यावर थोड्या वेळात आकडा उतरायला हवा होता, पण तो चाळिसाच्या वरच खिळून राहिला. एंजिन बंद ठेवून रात्र रात्र ध्वनिक्षेपक चालवल्याने बॅटरी निकामी झाली होती आणि भरतच नव्हती. "मालक, डायनमोला बोल लावू नका," ते म्हणाले, "बॅटरी मागतीय, त्यो देतोय." घाटात गाडी ओढत नाही याचे कारण त्यांनी निराळेच काढले. एअर फिल्टर उघडला तर तो उसाच्या हंगामातल्या रस्त्यांच्या धुळीने पार चोंदलेला होता.

आताच्या अनेक गाड्यांत संगणक वेग घेताना फील्डचा प्रवाह क्षणभर आखडता घेतो, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना चार्जिंग वाढवतो. त्या वेळी गिअरमध्ये असलेल्या गाडीचा इंधनपुरवठाही बंद असल्याने ती वीज जवळजवळ विनामूल्य पडते. या जुन्या जीपला ती सोय नव्हती. तिच्या मालकाला मिस्त्रींनी एवढीच तजवीज सांगितली की, फिल्टर नवा घालावा, गावात उभे राहून जाहिरात करायची तर रेस थोडी वाढवून ठेवावी, आणि बॅटरी आजच बदलावी.