‘ऑरगॅनिक आहे, काही होत नाही’

मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांत अंगण कुठलं असणार? असते ती हातभर बाल्कनी आणि खिडकीबाहेरची ग्रिल. लोकांनी तेवढ्यातच तुळस, मोगरा, कढीपत्ता, मिरची बसवली आहे. त्याच बाल्कनीत घरातला कुत्रा दुपारी ताणून देतो आणि मांजर तर थेट कुंडीतच बसतं. अशा घरांत खताचं किंवा फवारणीचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “अहो, ऑरगॅनिक आहे. कुत्र्याने खाल्लं तरी काही होत नाही.” नर्सरीवालाही हेच सांगतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या काकूही.

हे साफ चूक आहे, आणि कधी कधी जिवावर बेतेल इतकं चूक आहे.

एरंडी पेंडच घ्या. कुंडीतल्या झाडांसाठी किलोकिलोच्या पाकिटांत ती सर्रास मिळते. खत म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही: चार टक्क्यांच्या आसपास नत्र, तेही हळूहळू सुटणारं. पण एरंडाच्या बीत रिसिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे बी घाण्यात गेली की एरंडेल बिनविषारी बाहेर पडतं आणि रिसिन मागे पेंडीत राहतं. १९७८ साली लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा मांडीत बारीक गोळी घुसवून खून झाला. त्या गोळीत रिसिनच होतं असं मानलं जातं, आणि ती गोळी टाचणीच्या डोक्याएवढी होती.

गावाकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. शेंगदाण्याची पेंड आणि सरकीची पेंड गोठ्यात जाते, एरंडाची पेंड शेतात जाते. ती गुरांपुढे टाकायची नसते हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मुळात ती खत म्हणून वापरली जाते त्याचं एक कारण हेच. शहरात ती पाकिटात आली, पाकिटावर हिरवं पान छापलं गेलं आणि आपण निर्धास्त झालो.

यावर ठरलेलं उत्तर येतं की जनावराला विष बरोबर कळतं, ते तोंड लावत नाही. कुत्रा पाळणाऱ्या माणसाने तरी हे म्हणू नये! मोजे, रबर, साबण गिळणारा प्राणी तो. त्यातून पेंडीला खमंग तेलकट वास असतो आणि बरेच जण तिच्यात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, मिसळतात. मग तो कुंडी उकरणार नाही तर काय करणार?

पुरावा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्राकडे १९८७ ते १९९८ या काळात आलेल्या, एरंड खाल्लेल्या ९८ कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. उलट्या, मलूलपणा आणि जुलाब ही मुख्य लक्षणं होती. सुमारे नऊ टक्के कुत्रे दगावले किंवा त्यांना दयामरण द्यावं लागलं. अख्खी बी गिळली तर ती कधी कधी तशीच बाहेर पडते. पेंडीत मात्र ती आधीच भरडलेली असते. पेंड खाऊन कुत्र्याला विषबाधा झाल्याची नोंद ब्राझीलमधून २००२ साली झाली आहे. रिसिनवर उतारा नाही. लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात, तोवर ‘बघा, काही झालं नाही’ म्हणून आपण झोपून गेलेले असतो.

उष्णता देऊन रिसिन निकामी करता येतं, हे खरं. पण पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते आहेच असं धरून चालावं. घरात कुत्रा असेल तर एरंडी पेंड आणूच नये. गांडूळखत किंवा निंबोळी पेंड वापरा, तीही मातीत नीट मिसळून.

फवारणीचंही तेच. सुभाष पाळेकरांनी सांगितलेल्या अग्निअस्त्रात तंबाखू, हिरवी मिरची, लसूण आणि कडुनिंब गोमूत्रात उकळतात. दशपर्णी अर्काच्या अनेक कृतींत कण्हेरीची पानं असतात, आणि कण्हेर हृदयावर घाला घालते. ही मोकळ्या शिवारासाठी सांगितलेली औषधं आहेत. कीड मरते ती त्यांतल्या विषानेच, आणि निकोटिन माव्याला वेगळं नि मांजराला वेगळं असं नसतं. मांजराचा धोका तर दुप्पट. ते पानांना अंग घासतं आणि मग तेच अंग चाटून साफ करतं. शिवाय बरीच रसायनं निकामी करायला लागणारी यंत्रणा त्याच्या यकृतात दुबळी असते. बंद बाल्कनीत तंबाखूचं पाणी नकोच. निंबोळी तेल मारलं तर पानं पूर्ण वाळेपर्यंत दार लावून घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकतो.

कांद्या-लसणाचं पाणी गाळून मुळाशी घालायला हरकत नाही, पण भिजत ठेवलेली बादली आणि चोथा उघडा टाकू नका: मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे पाच ग्रॅम कांदासुद्धा त्याच्या तांबड्या पेशी फोडू शकतो, आणि लसूण त्याहून तीव्र.

मांजर कुंडीत बसू नये म्हणून डांबर गोळ्या ठेवणं म्हणजे मांजराला विष घालणं.

चहाचा चोथा धुऊन, मातीत मिसळूनच घालावा. दूध-साखरेला मुंग्या येतात आणि चोथ्यात कॅफीन उरलेलं असतं.

अंड्याची टरफलं कुणाला मारत नाहीत, पण महिनोन्‌महिने कुजतही नाहीत, त्यामुळे आठवड्यात टोमॅटो सुधारला तर श्रेय त्यांना देऊ नका.

उत्तनची मासळी धुतलेलं पाणी गुलाबाला मानवतं. मग मांजर कुंडी उकरतं म्हणून तक्रार करू नये.

शेण खत आहे म्हणून कुत्र्या-मांजराची विष्ठा खत होत नाही. तिच्यातून जंत पसरतात.

आणि एक उपाय खरोखर चालतो. भुरी रोगावर पाणी घातलेलं दूध फवारलं तर फरक पडतो, हे ब्राझीलच्या वाग्नर बेट्टिओल यांनी १९९९ साली झुकिनीच्या रोपांवर दाखवलं. मांजराने ते पान चाटलंच तर बिघडत नाही.

कुत्र्याने पेंड किंवा औषध खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रक्तातलं मीठ वाढून त्यानेच जनावर दगावू शकतं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत जाण्यात वेळ मोडण्याआधी जवळच्या पशुवैद्याला फोन करा. कुत्र्याने किती आणि केव्हा खाल्लं ते सांगा, आणि निघताना पेंडीचं पाकीट सोबत घ्या.