तुरट रसाची काळी शाई

‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आला आणि त्याचा अर्थच काळेपणा. लाल शाई म्हणजे शब्दशः लाल काळेपणा. भाषेने ही विसंगती केव्हाच पचवली आहे. हा काळेपणा मिळवण्याच्या जुन्या वाटा मुख्यतः दोन. पहिली काजळाची. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खलली की शाई झाली. आपल्याकडच्या पोथ्या आणि बोरूने लिहिलेले मोडी कागद प्रामुख्याने तिचेच. दुसरी वाट झाडांच्या तुरट रसाची. काजळ आधीपासून काळे असते, तुरट रसाला मात्र काळे व्हावे लागते.

हिरडा, आवळा, डाळिंबाची साल किंवा कच्चे केळे जिभेला तुरट लागते ते टॅनिनमुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते म्हणून तोंडाला कोरड पडते. कातड्यातल्या प्रथिनांना धरते म्हणून कातडे कमावता येते. लोखंडाची गाठ पडली, की ते काळे होते. कच्ची केळी चिरताना विळीचे पाते काळवंडते ते यामुळेच. मेंदीत आवळकाठी घालून लोखंडी कढईत रात्रभर भिजवण्यामागेही हीच क्रिया आहे.

युरोप आणि पश्चिम आशियात या शाईचा कच्चा माल होता मायफळ. बाळगुटीच्या सहाणेवर उगाळले जाणारे मायफळ हे खरे तर फळ नव्हेच. ओकच्या कोवळ्या डहाळीत एक बारीक गांधीलमाशी अंडे घालते आणि झाड त्या अळीभोवती गाठ वाढवते, तेच मायफळ. सीरियातल्या अलेप्पोचा माल नावाजलेला होता. चांगल्या गाठीत निम्म्याहून अधिक टॅनिन असते. कीटक भोक पाडून उडून गेला की तिचा कस उतरतो, म्हणून बिनभोकाच्या गाठी महाग. त्या कुटून पाण्यात भिजवायच्या, गाळलेल्या रसात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, घालायचा आणि बाभळीच्या जातीचा डिंक विरघळवायचा. चौथ्या शतकातले सिनाई येथील बायबलचे हस्तलिखित याच शाईत लिहिलेले आहे.

ताजी शाई फिकटच असते. हिराकसातले लोह आणि रसातले गॅलिक आम्ल यांचे सुरुवातीचे संयुग पाण्यात विरघळते, त्यामुळे ते कागदाच्या धाग्यांत खोल मुरते. मग हवेतला ऑक्सिजन लागतो आणि तिथेच, धाग्यांच्या आत, न विरघळणारा काळा कण तयार होतो. काजळाची शाई कागदावर बसते, ओल्या बोळ्याने बऱ्याच अंशी पुसता येते. ही पुसायची तर कागद खरवडावा लागतो. दस्तऐवज लिहिणाऱ्यांना आणखी काय हवे होते? लिहिताना अक्षर नीट दिसावे म्हणून एकोणिसाव्या शतकात तिच्यात निळा रंग मिसळू लागले. ‘ब्ल्यू-ब्लॅक’ हे नाव त्या शाईचे: आधी निळी उमटते, मागाहून काळी होते.

भारतात मायफळाची जागा हिरड्याने घेतली. सह्याद्रीत, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत, कोवळा बाळहिरडा वेचून वाळवणे हा आदिवासी कुटुंबांचा रोजीचा आधार आहे. पण हिरड्याचा काळा पाहायचा तर आंध्रातल्या श्रीकालहस्तीची कलमकारी पाहावी. तिथे कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवून वाळवतात; दुधातल्या स्निग्धांशामुळे रेघ फुटत नाही. दुसरीकडे मडक्यात गंजके लोखंड, गूळ आणि पाणी आंबत ठेवतात. काही आठवड्यांत आंबट द्रवात लोह उतरते. या पाण्याला कसिमी म्हणतात. बांबूच्या कलमाने ते कापडावर टेकवताच रेघ काळी होते. इथे शाई दौतीत नसतेच: अर्धी कापडात, अर्धी मडक्यात.

हिराकसाच्या शाईचा दोष तिच्या गुणातूनच येतो. हिराकस सल्फेट असल्यामुळे काळा कण तयार होताना गंधकाम्लही सुटते. ते कागदाचे धागे तोडते. जादा उरलेले लोह हवेच्या मदतीने त्यांना कुरतडते. पाने आधी तपकिरी होतात, मग अक्षराच्या आकारातच भोके पडतात. बर्लिनच्या ग्रंथालयातली संगीतकार बाख यांची हस्तलिखिते अशीच खंगली. अठराव्या शतकात इंग्रज रसायनज्ञ विल्यम ल्यूइस यांनी प्रयोगांती ३ भाग मायफळाला १ भाग हिराकस असे प्रमाण सुचवले, पण कारकुनी पाककृतींत हिराकस सढळच पडत राहिला.

आता जतनतज्ज्ञ अशी पाने कॅल्शियम फायटेटच्या आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात भिजवतात. दुसरे द्रावण आम्ल मारते. पहिले सुट्या लोहाला बांधून ठेवते. त्यातले फायटिक आम्ल धान्याच्या कोंड्यात असते.