विळ्याच्या आकाराच्या पेशी

गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट किंवा नंदुरबारकडच्या शिक्षकांना ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. इतर जिल्ह्यांत मात्र तो बहुधा आनुवंशिकतेच्या धड्यातल्या एका परिच्छेदापुरताच भेटतो. सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी. हा रक्ताचा आजार आहे. तो संसर्गाने होत नाही, खाण्यापिण्यातून होत नाही, तो आईवडिलांकडून येतो. एवढे आपण मुलांना सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण रेणूत झालेला एक बारीकसा बदल माणसाच्या आयुष्यापर्यंत कसा पोचतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. शिवाय असे मूल आपल्या वर्गातही असू शकते.

तांबड्या रक्तपेशीचा आकार मधे दाबलेल्या चकतीसारखा, व्यास सात ते आठ मायक्रॉन. तिला ज्या केशवाहिन्यांतून जावे लागते त्यांतल्या काही तिच्याहूनही अरुंद असतात. तरी ती अडकत नाही, कारण ती लवचीक असते. अंग दुमडून पलीकडे निघून जाते. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणूत चार प्रथिन साखळ्या: दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. सिकलसेलच्या रुग्णात या १४६ पैकी फक्त सहाव्या जागेवर बदल असतो. तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. बाकी १४५ जागा जशाच्या तशा.

मग एवढ्याने काय बिघडते? ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात सुखाने राहते. व्हॅलिनवर भार नाही आणि त्याला पाणी आवडत नाही, तेलाच्या थेंबासारखे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या पृष्ठभागावर एक खाच अशी तयार होते की शेजारच्या रेणूचे व्हॅलिन तिच्यात नेमके बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत जातात आणि पेशीच्या आत लांबलचक ताठ दोर तयार होतात. हे दोर पेशीला आतून ताणतात आणि ती विळ्यासारखी वाकडी, कडक होते. फुप्फुसात जाऊन ऑक्सिजन मिळाला की दोर विरघळतात, पेशी पूर्ववत होते. पण असे पुन्हा पुन्हा झाले की तिचे आवरण निकामी होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. अस्थिमज्जेने कितीही घाई केली तरी नव्या पेशींचा पुरवठा अपुरा पडतो, म्हणून पांडुरोग. फुटलेल्या पेशींतले रंगद्रव्य साठते. म्हणून डोळे पिवळट. आणि ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. म्हणून हाडे आणि सांधे असह्य दुखतात.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑक्सिजन गेल्याबरोबर दोर तयार होत नाहीत, थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून सुटून मोठ्या शिरेत पोचली तर अनर्थ टळतो. हा वेळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या संहतीवर फारच अवलंबून असतो. पेशीतले पाणी थोडे कमी झाले, संहती किंचित वाढली, की तो वेळ झपाट्याने घटतो. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे असे डॉक्टर सांगतात ते केवळ उपचार म्हणून नव्हे, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. विद्युतक्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकत होते, आणि आईवडिलांसारख्या वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले सापडले. हा ‘रेणवीय आजार’ आहे, असा शब्दच त्यांनी वापरला. नेमका बदल कुठे, ते पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधले. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत या पेशी आढळल्याची नोंद झाली. त्यानंतर मध्य भारताच्या पट्ट्यात ठिकठिकाणी त्या सापडत गेल्या.

निदानासाठी आजही प्राथमिक चाचणी साधीच आहे. बोटातले थेंबभर रक्त एका द्रावणात टाकतात. त्यातले सॅपोनिन पेशी फोडते, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते. नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण रुग्ण आणि वाहक या दोघांचेही द्रावण गढूळच होते! त्यामुळे या चाचणीवर थांबणे बरोबर नाही. पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या यंत्रावरची तपासणी करून हिमोग्लोबिनचे प्रकार मोजावे लागतात. वाहकात सिकल हिमोग्लोबिन साधारण ३० ते ४० टक्के असते आणि त्याला सहसा काहीच त्रास नसतो. गावातल्या शिबिरात ‘पॉझिटिव्ह’ एवढेच ऐकून घरी गेलेला वाहक उगीचच स्वतःला आजारी समजत राहतो, हे टाळता येण्यासारखे आहे.

बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते, प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती. एक सदोष असेल तर वाहक, दोन्ही असतील तर रुग्ण. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. आपण फळ्यावर चार चौकटी काढून हे शिकवतो आणि तिथेच एक गैरसमज पेरतो. ‘पहिले आजारी निघाले, म्हणजे पुढची तीन चांगली’ असा हिशेब घरोघर केला जातो, तो त्या चार चौकटींतूनच निघतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दोन पिशव्यांत प्रत्येकी वीस चिंचोके घ्या, त्यांतल्या दहांवर चुन्याचा ठिपका. न पाहता प्रत्येक पिशवीतून एक काढायचा, नोंद करायची आणि परत टाकायचा. परत टाकणे विसरू नका, साऱ्या प्रयोगाचा अर्थ त्यातच आहे. शंभर वेळा केले की दोन्ही ठिपकेवाले सुमारे पंचवीसदा येतील. आता नोंदी क्रमाने चार-चारच्या गटांत मांडा: पंचवीस कुटुंबे, प्रत्येकी चार मुले. साधारण आठ कुटुंबांत एकही रुग्ण दिसणार नाही, आणि एखाददुसऱ्या कुटुंबात तीन मुले रुग्ण निघतील. त्या कुटुंबाने कोणते पाप केले, असे मुलांना विचारा.

असे घातक जनुक टिकून का राहिले? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहकांना घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक मुले जास्त जगली. म्हणून हा आजार अमुक जमातीचा म्हणणे चूक. तो मलेरियाच्या भूगोलाचा आहे, आणि आदिवासींबाहेरच्या समाजांतही तो आढळतो.

बाळ गर्भात असताना त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. त्यामुळे पहिले काही महिने रुग्ण बाळही ठणठणीत दिसते. उपचाराची दिशा इथूनच सापडली. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे औषध. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत वेदनेचे झटके या औषधाने जवळपास निम्म्यावर आले. भारतीय रुग्णांत हे हिमोग्लोबिन मुळातच बऱ्याचदा जास्त असते, पण म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य समजणे धोक्याचे आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. तोही हेच हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. अमेरिकेतली त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली! आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी शहडोल इथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्यांना कार्ड मिळते, लग्नाआधी ती जुळवून पाहावीत अशी कल्पना आहे. कल्पना योग्य आहे, पण व्यवहारात कार्ड मुलीचेच आधी मागितले जाते. दोघांपैकी एक वाहक नसेल तर मूल रुग्ण होणार नाही, हे समजावल्याशिवाय कार्ड वाटू नये असे माझे मत आहे.

आता वर्गातले. या मुलांचे मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही. त्यामुळे ती सारखी पाणी पितात आणि सारखी बाहेर जायला मागतात. ते टाळाटाळ करत नसतात. आश्रमशाळेत अंथरूण ओले झाले तरी कारण हेच असू शकते. भर उन्हातली कवायत आणि थंडीतली गार पाण्याची अंघोळ दोन्ही वाईट. खेळू द्यावे, पण दमल्यावर थांबण्याची मुभा असावी. अंगात रक्त नाही म्हणून लोहाच्या गोळ्या देत राहिल्याने हा पांडुरोग बरा होत नाही. लोह द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि ताप. लहानपणीच या मुलांची प्लीहा निकामी होते, त्यामुळे न्यूमोनियाचे जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतात. अशा मुलाला १०१ अंश फॅरनहाइट ताप आला, छातीत दुखू लागले किंवा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तर पालक येईपर्यंत थांबायचे नाही. त्याच वेळी त्याला रुग्णालयात न्यायचे, आणि तिथे पोचताच ‘याला सिकलसेल आहे’ हे पहिले सांगायचे.